आबांचा ओळंबा

देवनारहून आमच्या गावी जायची रीत गेल्या पन्नास वर्षांत बदललेली नाही. पहाटे रिक्षा करून चेंबूरचं मैत्री पार्क गाठायचं, फुटपाथवर बॅग टेकवून उभं राहायचं आणि सातारा पाटीची एसटी दिसली की हात करायचा. खरं तर मानखुर्दचा थांबा आम्हाला वाटेवरच पडतो. पण आबा तिथून कधी चढले नाहीत. दोन कोस मागं जावं लागलं तरी चालेल, पण बसून जायचं, असा त्यांचा हिशोब. वीस वर्षं फौजेच्या गाड्यांतून उभ्यानं प्रवास केलेल्या माणसाची तेवढीच एक चैन.

यंदा भाद्रपदात मी एकटाच निघालो. आबांचं वर्षश्राद्ध गावी करायचं ठरलं होतं, आणि ऑगस्टच्या पावसात गावच्या घराची मागची भिंत पडली होती. दोन्ही कामं एकाच खेपेत. आज्जीला आता प्रवास झेपत नाही. ती काठी टेकत दारापर्यंत आली आणि माझ्या हातात एक मफलर दिली. आत काहीतरी जड होतं.

"मिस्त्रीकडं त्याचा असंल," ती म्हणाली, "तरी भिंत ह्यांच्याच वळंब्यानं धरा."

पितळी गोळा, खाली टोकाकडे निमुळता होत गेलेला. सुताची दोरी, इतक्या वेळा बदललेली की मूळची कुठली हे सांगता येणार नाही. आणि दोरीत ओवलेली लाकडी चकती, बरोब्बर गोळ्याच्या जाडीची. चकती भिंतीला वर टेकवायची, गोळा खाली सोडायचा. गोळा भिंतीला नुसता शिवला की भिंत सरळ. भिंतीपासून सुटून लटकला तर भिंत वरून पुढं झुकलेली. भिंतीला रेलून बसला तर खाली पोट आलेलं. एवढंच शास्त्र. पण आबांच्या लेखी त्यात एक नियम होता: गोळा हलायचा थांबेपर्यंत कुणी बोलायचं नाही. लहानपणी आम्ही नातवंडं त्यांच्या साइटवर डबा घेऊन जायचो तेव्हा तो नियम आम्हालाही लागू असे. डबा उघडा पडलेला, भाकरीवर माश्या, आणि आबा एक डोळा मिटून त्या गोळ्याकडे बघत उभे. सगळी साइट गप्प.

आबा 1951 मध्ये खडकीला भरती झाले, बॉम्बे सॅपर्समध्ये. म्हणजे फौजेतले बांधकामवाले. पूल बांधणं, रस्ते करणं, सुरुंग पेरणं आणि पेरलेले काढणं. 21 वर्षं नोकरी करून 1972 मध्ये हवालदार म्हणून पेन्शनीत निघाले आणि गावातल्या एका भाऊबंदाच्या शब्दावर देवनारला आले. कागदावर त्यांचा जन्म 1 जून 1932 चा. त्यांच्या वर्गातल्या बहुतेक पोरांचा जन्म 1 जूनचाच होता, गुरुजींच्या कृपेनं.

तेव्हाचं देवनार म्हणजे मुंबईनं आपल्याला नको ते सगळं नेऊन ठेवायची जागा. कचऱ्याचं मैदान 1927 पासूनचं. कत्तलखाना आबा येण्याच्या आदल्या वर्षी, 1971 मध्ये सुरू झालेला. वारा खाडीकडून आला की एक वास, कचऱ्याकडून आला की दुसरा. पण त्याच देवनारात टाटा समाजविज्ञान संस्था 1954 मध्येच येऊन राहिली होती, पलीकडे अणुशक्तीवाल्यांची वसाहत उभी राहत होती, सरकारी नोकरांच्या इमारती चढत होत्या. गवंड्याला कामाची ददात नव्हती. आबा एका ठेकेदाराकडे सुपरवायझर म्हणून लागले आणि दोन वर्षांत ते सोडून स्वतः थापी हातात घेतली. चाळीच्या खोल्या, कंपाउंडच्या भिंती, पाण्याच्या टाक्या, जिने. मोठी इमारत त्यांच्या नावावर एकही नाही. गोवंडी स्टेशनावरून घरी येताना ते बोट दाखवत: "ही माझी. ही माझी. ही न्हाय, ही वाकडी हाय."

या भागात पाया खणताना ते पहार जमिनीत मारून बघत, ओढून काढत आणि तिच्या टोकाला लागलेली माती चिमटीत चोळत. खाली खाडीचा चिखल, वर कुणी कधी काय टाकून भराव केलेला, हे पहार सांगायची. भरावावर घाईनं बांधलेलं घर किती वर्षांत तिरकं होईल याचा त्यांचा अंदाज फारसा चुकत नसे. मात्र तो ते घरमालकाला तोंडावर सांगत, आणि त्यामुळे कामंही जात.

पुढे चाळी गेल्या, पुनर्वसनाच्या इमारती आल्या. आमची स्वतःची खोलीही त्यात गेली. ती पाडायला जेसीबी आला त्या दिवशी आबा खुर्ची टाकून समोर बसले. शेजारच्या बायका रडत होत्या. आबा मोजत होते. शेजारची खोली एका धक्क्यात आडवी झाली, आमची तिसऱ्या धक्क्याला. ते उठले, खुर्चीची घडी केली आणि म्हणाले, "चला." त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं, हे मला तेव्हा विचित्र वाटलं होतं.

या वेळी मी साताऱ्याची गाडी सोडून पुण्याची धरली. खडकीला उतरायचं होतं.

वाशीच्या खाडीवर उजाडलं. इथं आता पुलांची रांग आहे. पहिला 1973 चा. आबा देवनारला आले तेव्हा त्याचं काम शेवटाला आलं होतं आणि सुट्टीच्या दिवशी ते मुद्दाम ते बघायला जात, घरचे जत्रेला जावेत तसे. काँक्रीटच्या पोटात ताणलेल्या पोलादी तारा घालून एवढा लांब पूल करतात, हे त्यांना फार आवडलं होतं. पुढे खाऱ्या हवेनं त्याच तारा गंजल्या, जड वाहनांना बंदी आली आणि 1997 मध्ये शेजारी दुसरा पूल झाला. त्या बातमीनं आबा घरचं कुणी आजारी पडावं तसे उदास झाले होते. तिसऱ्या पुलाची पुण्याकडे जाणारी बाजू 2024 च्या ऑक्टोबरात उघडली. आबा सप्टेंबरात गेले. त्यांच्या मोजणीत दोनच पूल राहिले.

माझ्या शेजारी बसलेल्या गृहस्थांनी मांडीवरच्या मफलरीकडे दोनदा पाहिलं. शेवटी न राहवून विचारलं, "देव आहेत का?" मी उघडून दाखवलं. "ओळंबा होय!" म्हणाले, आणि मग पनवेलपर्यंत त्यांच्या बिल्डरनं ताबा द्यायला किती वर्षं लावली ते ऐकावं लागलं.

बोरघाटात मला हटकून एक पूल आठवतो, जो आता नाही. अमृतांजन पूल. 1830 मध्ये बांधलेला, घाटाच्या वळणावर दगडी कमानींचा. गाड्यांची कोंडी होते म्हणून 5 एप्रिल 2020 ला, लॉकडाऊनमध्ये रस्ता रिकामा असताना, सुरुंग लावून पाडला. मोबाइलवर ती चित्रफीत आली तेव्हा हळहळणारे पुष्कळ होते. आबांनी ती चार वेळा बघितली. भोकं कुठं पाडली असतील, दारू कुठल्या कमानीत आधी पेटली, दगड दरीकडे न जाता खाली कसा बसला. मग म्हणाले, "चांगला पाडला." 190 वर्षं उभ्या राहिलेल्या पुलाबद्दल हा माणूस एवढंच म्हणतो, याचा मला राग आला होता. मी तसं बोललोही. त्यांनी शांतपणे सांगितलं की फौजेत पूल बांधायला शिकवतात त्याच आठवड्यात उडवायलाही शिकवतात, आणि दोन्हीचा हिशोब सारखाच बारीक असतो.

डिसेंबर 1961 मध्ये ते गोव्याला होते. पोर्तुगीजांनी मागं हटताना बाणस्तारीचा, बोरीचा पूल उडवलेला. गोवा मुक्तीच्या गोष्टी आम्ही शाळेत शिकलो त्यात पणजी होती, तिरंगा होता. आबांच्या गोष्टीत उडवलेल्या पुलांची टोकं होती, ओहोटीची वेळ होती आणि काठावरचा चिखल होता. शत्रूनं पूल कसा उडवला होता, यावरही त्यांचं मत होतं. ते फारसं चांगलं नव्हतं.

दापोडी मागं पडली, मुळेवरचा पूल ओलांडला आणि बोपोडीला उतरलो. खडकीत बॉम्बे इंजिनिअर ग्रुपच्या फाटकातून पासाशिवाय आत जाता येत नाही, आणि माझं आत काही कामही नव्हतं. बाहेरच्या रस्त्यावर, झाडाखाली थोडा वेळ उभा राहिलो. आतून शिटीचा आणि बुटांचा आवाज येत होता. या पलटणीचा इतिहास 1820 पर्यंत मागं नेतात. आबांना त्यातलं एकच वर्ष महत्त्वाचं वाटे: 1948.

ते रंगरूट म्हणून इथं आले तेव्हा ही गोष्ट अवघी तीन वर्षांची होती आणि उस्तादांच्या तोंडी ताजी होती. सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे, कारवारजवळच्या चेंडियाचे. 1940 मध्ये शिपाई म्हणून भरती होऊन वर चढलेले. एप्रिल 1948 मध्ये नौशेराहून राजौरीकडे फौज निघाली आणि वाटेत सुरुंग, पाडलेली झाडं, खणून ठेवलेले रस्ते. राणे यांच्या 37 असॉल्ट फील्ड कंपनीच्या तुकडीनं 8 एप्रिलला काम सुरू केलं तोच तोफगोळे पडले. दोन सॅपर ठार, पाच जखमी, जखमींत राणे स्वतः. तरी ते थांबले नाहीत. पुढं त्यांनी केलं ते असं की चालत्या रणगाड्याच्या पोटाखाली शिरायचं, त्याच्याबरोबर सरपटत जायचं आणि हातातल्या दोऱ्या ओढून वरच्या चालकाला इशारा द्यायचा. सुरुंग दिसला, एक दोरी ओढली, रणगाडा थांबला. सुरुंग काढला, दुसरी ओढली, निघाला. 12 एप्रिलला फौज राजौरीत पोचली. राणे यांना परमवीरचक्र मिळालं आणि ते घ्यायला ते हयात होते.

ही गोष्ट आबा सांगत तेव्हा शौर्याचा भाग झटपट उरकत आणि दोरीवर येऊन थांबत. दोरी सुताची असेल की तागाची? जाड असेल तर ओढ लवकर कळत नाही, बारीक असेल तर रणगाड्याच्या पट्ट्यात अडकून तुटते. हातात दोन दोऱ्या असताना सरपटणार कसं? कोपरावर? त्यांनी स्वतः देवनारच्या खोलीत, पलंगाखाली शिरून हे करून बघितलं होतं, वयाच्या पन्नाशीत, आणि वर बसलेल्या माझ्या काकाला दोरीच्या हिसक्यावर "चल", "थांब" म्हणायला लावलं होतं. आज्जी आजही ते सांगताना डोळ्यांतून पाणी येईतो हसते.

फाटकापासून चालत युद्धस्मशानाकडे गेलो. ते सगळ्यांना खुलं असतं. मला आबांनी सातवीत असताना आणलं होतं. कापलेलं गवत, दुसऱ्या महायुद्धातल्या दीड हजारांहून जास्त सैनिकांच्या शिळा, एका उंचीच्या, एका रांगेत. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात मेलेले आणि जिथं तिथं पुरलेले, ज्यांच्या कबरी पुढं सांभाळणं जमेना, अशा आणखी अठराशेवर जणांची नावं इथल्या स्मारकावर आहेत. आबांनी त्या दिवशी मला एका टोकाला उभं केलं आणि डोकं शिळेच्या पातळीला आणून बघायला सांगितलं. पहिल्या शिळेमागं बाकीच्या साऱ्या लपल्या. एकही बाहेर डोकावत नव्हती. "दोरी लावून केलंय," ते म्हणाले. मी आता पंचेचाळिशीत. गुडघे कुरकुरले, पण वाकून पुन्हा बघितलं. अजून तशाच आहेत. माळीकाका पाण्याची नळी घेऊन माझ्याकडे संशयानं बघत उभे होते.

आबांच्या उजव्या खांद्यावर एक घट्टा होता, रुपयाएवढा. तो बेली पुलाचा. बेली पूल म्हणजे सुट्या लोखंडी चौकटी जोडून केलेला पूल, दुसऱ्या महायुद्धात एका इंग्रज इंजिनिअरानं काढलेला. त्याची एक चौकट 10 फूट लांब, 5 फूट उंच, वजनाला 260 किलोच्या आसपास. क्रेन लागत नाही. दांडे घालून सहा जणांनी उचलायची, नेऊन बसवायची, खिळा ठोकायचा, पुढची आणायची. अख्खा पूल या काठावर जोडतात आणि रुळांवरून पलीकडे ढकलत नेतात. पुढं नुसतं हलकं टोक असतं, ते समोरच्या काठाला टेकेपर्यंत मागचं वजन त्याला तोलून धरतं. आबा हे सांगताना चमचे आणि पोळपाट घेऊन बसत. सहा जणांत एकाची उंची कमी असली की त्याच्या शेजाऱ्याच्या खांद्यावर दुप्पट वजन येतं, हे त्यांचं आवडतं वाक्य. आबा उंच होते. घट्टा त्यामुळेच.

एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर 29 सप्टेंबर 2017 ला चेंगराचेंगरी होऊन 23 माणसं गेली. त्यानंतर तिथला नवा पादचारी पूल फौजेनं बांधायचं ठरलं. 27 फेब्रुवारी 2018 ला तो खुला झाला, सुमारे 73 मीटर लांबीचा. आबा तेव्हा 86 च्या घरात. म्हणाले, बघायचा. गोवंडीहून कुर्ला, कुर्ल्याला गाडी बदलून परळ. गर्दी टाळायला दुपारी गेलो. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर ते टेकत टेकत चढले. वर पोचल्यावर कठड्याच्या बाजूला झाले आणि लोखंडी चौकटीच्या जोडावर हात ठेवून उभे राहिले. खिळा बोटांनी चाचपला. मग दुसरा. लोक आमच्या बाजूनं वाहत होते. कुणाचा धक्का लागला, कुणी "काका, साइडला" म्हणालं. "ह्यातल्या एकालाबी ठाव न्हाय पायाखाली काय हाय ते," आबा खूश होऊन म्हणाले. मी म्हटलं, यात खूश होण्यासारखं काय? त्यावर ते चिडले. पूल आठवायला लागला तर समज त्याच्यात खोट आहे, म्हणाले. येताना गाडीत झोपून गेले, माझ्या खांद्यावर डोकं टेकून. वजन काहीच नव्हतं.

खडकीहून वाकडेवाडी, तिथून स्वारगेट, स्वारगेटहून सातारा. याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. कात्रजच्या बोगद्यानंतर पाऊस लागला, शिरवळला नीरा तांबूस आणि काठोकाठ दिसली, खंबाटकीचा घाट ट्रकांच्या मागून रांगत चढलो. परतताना बोगदा मिळतो, जाताना घाटच. साताऱ्यात अजिंक्यतारा ढगात होता. वडाप धरून नागठाण्याला उतरलो तेव्हा चार वाजून गेले होते.

नागठाण्याजवळ अपशिंगे आहे, ज्याच्या नावामागं सरकारदरबारीही 'मिलिटरी' लागतं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे 46 जवान कामी आले आणि इंग्रजांनी गावात त्यांचं स्मारक उभारलं. घरटी एक तरी फौजी, अशी त्या गावाची ख्याती. आमचं गाव त्याच पंचक्रोशीतलं, पण तेवढं नामांकित नाही. आमच्याकडे दोन घरांमागं एक.

घर बघून पोटात गोळा आला. मागची भिंत मधोमध फुटून परसात सांडली होती. कौलं ताडपत्रीखाली. आत आबांच्या फोटोवर ओल चढलेली.

या घराचा इतिहास आबांच्या सर्व्हिस बुकासारखा वाचता येतो. फौजेत वर्षाची दोन महिने सुट्टी. ज्या वर्षी मिळेल त्या वर्षी ते येत आणि एक तुकडा बांधून जात. 1956 ची सुट्टी: जोतं, काळ्या दगडाचं. 57: पुढची भिंत. पुढच्या दोन सुट्ट्यांत बाजूच्या. 1960: मंगलोरी कौलं. 61 च्या अखेरीस गोवा, 62 ला सुट्टीच नाही, म्हणून माजघराची फरशी 63 ची. 65 लाही काही नाही. आज्जी म्हणते, लग्नानंतरची दहा वर्षं मी माणसाबरोबर नाही, घमेल्याबरोबर काढली. सुट्टी म्हटलं की तिच्या कपाळी पाणी शेंदणं आणि पांढरीची माती मळणं.

मग 11 डिसेंबर 1967. पहाटे कोयनेला भूकंप झाला, आमच्या जिल्ह्याच्या पोटात. कोयनानगर उद्ध्वस्त झालं, दीडशेच्या वर माणसं गेली. आमच्या गावात जीव वाचले, पण मागची भिंत तडकून आत-बाहेर अशी दोन पापुद्र्यांत सुटली. आज्जी दोन पोरांना घेऊन महिनाभर खळ्यावर झोपली. आबा कुठं तरी सरहद्दीवर. पुढच्या उन्हाळ्यात सुट्टी मिळाली तेव्हा त्यांनी ती भिंत जोत्यापर्यंत उतरवली आणि नव्यानं घेतली. या वेळी दर हातभर अंतरावर भिंतीच्या आरपार जाईल असा एकेक लांब दगड घातला, दोन्ही पापुद्रे शिवून टाकल्यासारखे. कुणी शिकवलं नव्हतं. पडलेली भिंत वाचून काढलेला निष्कर्ष. 1993 मध्ये किल्लारीला मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली हजारो माणसं दबली, त्यानंतर इंजिनिअर लोक हेच आरपार दगड घालायला सांगू लागले. पेपरातलं ते चित्र आबांनी कापून ठेवलं होतं.

तर 1968 ची ही भिंत. भूकंपानंतरची, शिवलेली. ती पडली कशी?

मिस्त्री गावातलाच, तिशीतला. राडा उपसायला लागला होता. त्यानं पडलेल्या ढिगातून एक तुकडा उचलून माझ्या हातात दिला. पाऊण इंच जाडीचा सिमेंटचा गिलावा, एका अंगानं गुळगुळीत, त्यावर फिकट हिरवा रंग. दुसऱ्या अंगाला चिकटलेली माती, अजून ओली.

तो गिलावा माझा होता. 2004 मध्ये, पहिल्या सहा महिन्यांच्या पगारातून वाचवून मी तो करवला होता. चुलतबहिणीचं लग्न घरी होतं, उघड्या दगडांचं घर पाहुण्यांसमोर बरं दिसेना. आबा नको म्हणाले. मातीच्या सांध्यावर सिमेंट चालत नाही, म्हणाले. पावसाचं पाणी कुठून तरी आत जाणारच, दगडाच्या फटींतून ते बाहेर वाळून जायचं, तुम्ही बाहेरची दारंच बंद करताय. "रेनकोट घालून उसाला पाणी धर दिवसभर, मग कळंल." आम्ही हसलो. काका म्हणाले, आबांचा जमाना गेला. आबा पुढं काही बोलले नाहीत. गिलावा चालू होता ते तीन दिवस ते देवळात जाऊन बसत होते.

वीस वर्षं तो गिलावा चांगला दिसला. वर, कौलाच्या कडेला, केसाएवढी चीर गेली. तिथून पाणी उतरत राहिलं, आतली माती भिजून वाहत राहिली, आणि बाहेरून हिरवा रंग तसाच. भिंतीला पोट आलं तेव्हाही गिलावाच फुगला असेल म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. आबांना ते दिसलं असतं. पण शेवटची चार वर्षं ते देवनारच्या सातव्या मजल्यावरून खाली उतरले नव्हते.

मी मफलर सोडली. मिस्त्रीनं ओळंबा तळहातावर तोलला. "वजनदार हाय. आता असला येत न्हाय." कोपऱ्याकडचा भाग अजून उभा होता, साडेतीन फुटांपर्यंत. त्यावरचा गिलावा त्यानं छिन्नीनं सोलून काढला. खाली आबांचे दगड, सांध्यात पांढरीची माती, आणि हातभर अंतरावर त्या लांब दगडांची तोंडं. त्यानं चकती दगडाला टेकवली आणि गोळा सोडला. काका मागून काहीतरी विचारणार होते. मी हात वर केला.

गोळा दोनदा हलला, मग मंद झाला, मग थांबला. दगडाला नुसता शिवलेला.

"सरळ हाय," मिस्त्री म्हणाला. बाजूला सरकून त्यानं आणखी दोन ठिकाणी लावून बघितला. "सरळच हाय. उतरवायची गरज न्हाय, ह्याच्यावरनंच पुढं घेऊ."

संध्याकाळी देवनारला फोन लावला. आज्जीनं आधी श्राद्धाला भटजी कोण ते विचारलं, मग भिंतीचं. मी सगळं सांगितलं, गिलाव्याचंही. तिकडून थोडा वेळ काही आवाज आला नाही.

"मग बाकीच्या तीन भिंतींचा कधी काढताय?" तिनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी श्राद्ध झालं. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाकीच्या तीन भिंतींना हात घातला. सिमेंटचा राडारोडा ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या निघाला.